पुरणाची ड्युटी

ऐका, पण हसायचं नाही हं! तो दिवस आठवला की अजूनही मी कपाळाले हात लावते.

माझी नोकरी अशी, की कारखान्यात कोणाले काय चांगलं जमते ते पाहून कामं वाटायची आणि सगळं आधी कम्प्युटरवर चालवून पाहायचं, कुठं अडते ते. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक दरवर्षी सासूबाई सांभाळतात. यंदा गुडघा दुखून राहिला होता. म्हणाल्या, "सूनबाई, या वर्षी तू पाहा."

सक्करदऱ्याच्या घरी अख्खं सासर जेवायले येणार, अन् पहिल्याच वर्षी माझी फजिती झाली तर? झोपच उडाली बाप्पा!

मग काय, काढला लॅपटॉप. कोण काय छान करते हे विचारायची गरजच काय? लग्न झाल्यापासून ऐकूनच तर राहिली होती! काकूंचे वडे, जाऊबाईच्या पोळ्या. अन् आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची मोठी बहीण? "पुरण करावं तर आत्याबाईंनीच!" हे तर घरातलं लहान पोरही म्हणते. टाकलं पुरण त्यांच्या नावावर. कम्प्युटर म्हणाला, आरतीच्या आधी नैवेद्य तयार!

सकाळी मी कामं वाचून दाखवली. "आत्याबाई, पुरण तुमच्याकडे."

काकूंनी जाऊबाईकडे पाहिलं, जाऊबाईनं सासूबाईंकडे. आत्याबाई मात्र अशा खुलल्या! "आजवर कोणी मले पुरणाले हात लावू दिला नाही वं. या पोरीनं बरोबर ओळखलं!" अन् पदर खोचून गॅसपाशी उभ्याच राहिल्या.

सासूबाईंनी मले मागच्या अंगणात ओढलं. "काहून केलं वं असं?"

"अहो, तुम्हीच तर त्यांच्या पुरणाची तारीफ करता!"

"अवं, म्हणायचं असते ते! मोठ्या आहेत, मान ठेवा लागते. म्हणून तर दरवर्षी हार गुंफायले बसवतो!"

आत धावलो तर काय! आत्याबाईंनी डाळीचं पाणी काढलंच नव्हतं, वरून साखर ओतून मोकळ्या. पुरण कसलं, पळीनं वाढायचं वरण! पोळ्या थांबल्या, नैवेद्य थांबला, बाहेर सवाष्णी ताटकळल्या. जाऊबाई लाटणं हातात घेऊन नुसती माझ्याकडे पाहत होती. मले तर रडूच येऊन राहिलं होतं.

शेवटी सासूबाईंनी आवाजात साखर घोळली. "वन्सं, हार तेवढा तुम्हीच करा. बाकी कोणाले जमते?" आत्याबाई उठल्या, अन् मी अन् जाऊबाईनं घाम गाळत ते पुरण आटवलं. उशिरा का होईना, नैवेद्य झाला. सुटली बाप्पा!

पंगत बसली. कढी माझ्या हातची होती. सासऱ्यांनी एक भुरका मारला, जरासे थांबले, अन् मोठ्यानं म्हणाले, "वा! कढी तर काय फर्स्टक्लास झाली, सूनबाई!"

"तर काय!" सगळी पंगत एका सुरात.

माझा जीव भांड्यात पडला. खुशीत कढीचं पातेलं घेऊन मी परत वाढायले निघाली.

एकाचीही वाटी रिकामी नव्हती.