रेघेच्या पुढचं टिपण

काझी मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते भांडताना. पनवेलजवळच्या आमच्या रसायन कारखान्यात मी नुकताच लागलो होतो. कंट्रोल रूमच्या पडद्यावर बॉयलरच्या दाबाचा आलेख सरकत असतो. ऑपरेटर त्यावर क्लिक करून ‘पंप बंद केला’ असं टिपण लिहितो. ही जुनी टिपणं सांभाळणारा जावा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तो भाग, मॅडमनी लिहिलेला. साहेबांना त्यात टिपण पुसण्याची सोय हवी होती आणि मॅडम ठाम नकार देत होत्या. भांडण संपल्यावर त्यांनी डबा उघडला आणि ओळखदेख नसताना मला सांदण खाऊ घातलं.

पुढे याच टिपणांनी आमच्या अंगावर काटा आणला. एका दुपारी आलेखाची रेघ जिथे अजून पोचलीच नव्हती, त्या कोऱ्या जागेत अक्षरं दिसली: ‘गॅस्केट फुटलं. हिरामण भाजला.’ लिहिणाऱ्याचं नाव नाही. आम्ही हसलो. बग असणार, दुसरं काय! करंजा गावचा आमचा ऑपरेटर हिरामण तेव्हा बॉयलरपाशी काम करत होता. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

“आधी त्याला आत बोलवा, मग खुशाल हसा.”

हिरामण हात पुसत आला. पडदा पाहून म्हणाला, “आवो मॅडम, मी तर धडधाकट हाय! ह्या कोनी लिवला?”

रेघ सरकत सरकत त्या टिपणाला टेकली आणि बाहेर स्फोटासारखा आवाज झाला. वाफेच्या पाइपच्या सांध्यातलं गॅस्केट फुटलं होतं, तेही हिरामण मघाशी उभा होता तिथेच.

मॅडमनी सगळा कोड चाळला. त्यांचा क्लास पुढची वेळ स्वीकारतच नाही. “अल्लाह जाणे,” एवढंच त्या म्हणाल्या.

गेल्या महिन्यात, या वेळी रेघेच्या महिनाभर पुढे, तसंच आणखी एक टिपण उमटलं: ‘काझी मॅडम खुर्चीत कोसळल्या.’ मी अक्षरशः हात जोडले. “क्लास तुमचाच आहे, मॅडम. एकदाच पुसा हो!”

त्या चिडल्या. “माझ्यासाठी पुसलं, तर उद्या दुसऱ्या हिरामणचंही कुणीतरी पुसेल. राहू दे. खोटं ठरलं तर खाली खरं लिहू.” घाबरल्या नाहीत असं नाही. हल्ली चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरतात. मला ते बघवत नाही.

तेव्हा मंडळी, मॅडमच्या साठीच्या सत्काराला आम्ही हीच दुपार का धरली, ते समजलं असेल. हा गौरवग्रंथ आपल्या हाती पडेल तेव्हा त्या टिपणाची वेळ जवळ आलेली असेल. मंचावर मॅडमसाठी खुर्ची नाही. कृपा करून कुणी उठून आपली देऊ नये. पहिल्या रांगेत डॉक्टर बसवले आहेत. भाषणं लांबली तर लांबू द्या.

मॅडम, तुम्ही आम्हाला हव्या आहात. शंभर वर्षांचं मागणं सावकाश मागू. आज एवढंच मागतो: उद्या सकाळी ठणठणीत, नेहमीसारख्या कुरकुरत या आणि त्या टिपणाखाली स्वतःच्या हातानं लिहा, ‘चूक. मी कामावर आहे.’