पानओव्याचा भाव

विकायला आणलेल्या रोपांची माझी टोपली रिकामी झाली होती. गिऱ्हाइकांना पान चुरगळून वास द्यायला आणलेला घरच्या रोपाचा डबासुद्धा कुणीतरी घेऊन गेलं होतं. त्याच पानओव्याचा रस मी माझ्या आठ महिन्यांच्या पोराला खोकल्यावर पाजायची.

परवा सुनेनं भज्यांसाठी ती पानं तोडली, वास आला, न् शिंदखेड्याचा तो बाजार आठवला.

शेजारी माझी मोठी जाऊ, अक्का बसलेली. तिची रोपं माझ्याच फांद्यांची. पण तिनं डालड्याचे डबे गेरूनं रंगवलेले, माझ्या आपल्या दुधाच्या फाटक्या पिशव्या. ती हसून तीन रुपये सांगायची न् बाया तिच्याकडंच वळायच्या. माझा जीव नुसता जळत होता. मी ओरडले, "रुपयाले एक, ल्या व माय." मग बायांची झुंबडच उडाली. कडेवर पोर, हातात चिल्लर, कुणी काय उचललं ते मी बघितलंच नाही.

पोर खोकायला लागलं, थांबेचना. अक्काकडं एकच डबा उरलेला.

मी खाली मान घालून भाव विचारला, "अक्का, ते कितलाले?"

तिनं डबा माझ्यापुढं सरकवला. "फांदी तुनीच शे. तूच सांग, कितलाले दिऊ?"

तेव्हा मला तो टोमणाच वाटला. आता वाटतं, नसेलही. पण रुपया म्हणावं तर पोराच्या औषधाची किंमत मीच पाडलेली, तीन म्हणावं तर तिचं रोप भारी हे मीच कबूल केलेलं. मी नुसता डबा उचलला. तुम्ही असता तर काय भाव सांगितला असता?