पाजलेले बांबू

चिमूरहून निघालो तेव्हा दिवाळी होऊन महिना झाला होता आणि माझा माणसांवरचा विश्वास उडून वर्ष. मुलींच्या एका वसतिगृहाच्या बांधकामावर मी देखरेख करत असे. त्याच्याही आदल्या वर्षी जेवणघराच्या छपरासाठी एका गोडबोल्या कंत्राटदाराकडून बांबू घेतले. "वीस वर्षं वर बघायला नको," असं तो म्हणाला होता. दहा महिन्यांत त्या बांबूंतून पिठासारखा भुसा गळायला लागला, आणि एका दुपारी दोन वासे स्वयंपाकीणबाईंच्या खांद्यावर कोसळले. हाड सांधलं, पण त्यांचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. ते बांबू मीच पसंत करून आणले होते. तेव्हापासून मी दूधवाल्याच्या मापातसुद्धा वाकून बघायला लागलो.

आता मुलींच्या झोपायच्या खोलीचं छप्पर घालायचं होतं. भिंती उभ्या राहिल्या होत्या, वर उघडं आभाळ होतं. चाळीस मुली शाळेच्या व्हरांड्यात गोधड्या ओढून झोपत होत्या. आमच्या साताऱ्याकडच्या मंडळींना वाटतं विदर्भ म्हणजे नुसतं ऊन. झाडीपट्टीतली पहाटेची थंडी त्यांनी एकदा अनुभवावी. छप्पर लवकर व्हायला हवं होतं, आणि या वेळी ते किडायला नको होतं.

ब्रह्मपुरीला रहीमभाईंची मेटॅडोर ठरवली. रहीमभाई तिथले जुने वाहतूकदार. लाकूड, धान, कौलं, काहीही नेतात. निघण्यापूर्वी मी टायर बघितले, डिझेलचा काटा बघितला, मग स्टेपनी काढायला लावली.

"सर, तुमचा भरोसा त देवावरबी नाई," ते म्हणाले.

"देव अजून भेटला नाही. भेटला की बघू."

वैनगंगेचा पूल ओलांडला, वडसा मागे पडलं आणि कुरखेड्याच्या पुढे जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याला भिडलं. धानाची कापणी झालेली होती. बांध्यांमध्ये (भातखाचरांमध्ये) नुसते खुंट उरले होते. जिथे बांबू सांगून ठेवले होते, त्या वस्तीवर आम्ही संध्याकाळच्या आत पोचलो. माल तपासून झाला की निरोप धाडायचं ठरलं, रहीमभाई मला उतरवून दुसऱ्या भाड्याला गेले, आणि माझी सोय शाळेच्या एका रिकाम्या खोलीत झाली.

पारबताबाई बुरूडकाम करणाऱ्या. वय पन्नाशीच्या पुढचं, बोटांवर बांबूच्या चिरांचे जुने व्रण. कुठल्याशा शिबिरात त्या बांबूला औषध द्यायला शिकल्या होत्या, आणि त्यांचा माल टिकतो असं मी तीन ठिकाणी विचारून खात्री केल्यावरच त्यांना काम दिलं होतं. आठ दिवसांपूर्वी बांबू तोडल्याचा निरोपही त्यांनी धाडला होता. पण अंगणात शिरलो आणि थबकलो. मोहाच्या झाडाला टेकवून दहा-बारा हात उंच बांबू उभे होते. त्यांची बुडं लोखंडी ड्रममध्ये होती आणि शेंड्यांना पाला तसाच. पाला हिरवा होता. तोडलेल्या बांबूचा पाला दुसऱ्या दिवशी सुकतो, एवढं मलाही कळत होतं. म्हणजे हे कालपरवाच तोडलेले. पुन्हा एक गोडबोला भेटला, या वेळी लुगड्यातला, असं मनात आलं.

"बाई, पाला काढला नाही अजून?"

"काहाडाचा नाई, भाऊ. पेऊन राह्यला थो."

"कोण पितोय?"

"बांबू."

डोक्यावर मोहाचं झाड होतं, त्यामुळे मला भलतीच शंका आली. मी ड्रममध्ये वाकून वास घेतला. दारू नव्हती. टंकणखार आणि बोरिक पावडर विरघळवलेलं पाणी होतं. बाईंनी मग मला बसवून समजावून सांगितलं. बांबूच्या आत गोड सत्त्व असतं आणि किडा त्याच्यासाठी येतो. ताजा बांबू पाल्यासकट औषधाच्या पाण्यात उभा केला, की पाला वाऱ्या-उन्हानं पाणी उडवतो आणि बांबू खालून औषध ओढत राहतो. ते शेंड्यापर्यंत चढलं की किडा तोंड लावत नाही. अशा मालाला त्या 'पाजलेला बांबू' म्हणत.

"म्हणून त पाला हिरवा हाये. पानी भेटून राह्यलं ना त्याले. थंडीत हळू पेते. अजून चार दिवस लागन."

ठरलेल्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकाला चार दिवस थांबवणं, ही युक्ती माझ्या ओळखीची होती. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. त्या आत गेल्या, आधीच्या खेपेच्या एका बांबूच्या शेंड्याचा तुकडा घेऊन आल्या, त्यावर हळद चोळली आणि लिंबू पिळलं. बघता बघता हळद तांबडी झाली.

"हळदीत टंकणखार नि लिंबू पडला का कुंकू होते. शेंड्याले कुंकू चढलं, म्हंजे पेला."

कुंकू कसं करतात ते मी घरी पाहिलेलं होतं. तरी मला वाटलं, खार बोटांनाच लागलेला असेल. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून स्वतः हळदीची पुडी विकत आणली.

त्या दिवशी बाजार होता. बाई टोपल्या घेऊन गेल्या आणि अंगणात मी एकटा उरलो. आढ्याखालच्या मुख्य वाशांसाठी मी बारा जाडजूड बांबू हेरून ठेवले होते. आता मनात नवीन किडा वळवळायला लागला. मी चार दिवस इथे असलो, तरी रात्री शाळेत झोपणार. तेवढ्यात हे बारा काढून बारीक उभे केले तर? खडूनं खूण केली तर ती पुसता येते. छाटलेला पाला मात्र कुणाला परत चिकटवता येत नाही. मी कोयता घेतला, पडवीतली शिडी लावली आणि त्या बारा बांबूंचा पाला फांद्यांसकट साफ उतरवला. तासभर घाम गाळला. आपण किती सावध आहोत, याचं त्या वेळी मला फार कौतुक वाटलं.

बाई परत आल्या आणि डोक्यावरची टोपली न उतरवता तशाच उभ्या राहिल्या.

"हे कोनं केलं?"

"मी. माझे बारा ओळखू यावेत म्हणून."

त्या जवळ गेल्या, जमिनीवर पडलेली एक फांदी उचलून बघितली आणि खाली ठेवली. "आता थे पेनार नाईत."

"का? ड्रम भरलेले आहेत की."

"तोंड कापल्यावर गिलास भरलाच राह्यते, भाऊ. पाला म्हंजे तोंड हाये त्याचं. सांगतलं होतं ना तुमाले."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी त्यांनी मला गरम भात, लाखोळीचं (एका कडधान्याचं) वरण आणि मिरचीचा ठेचा वाढला. मी जेवत होतो आणि मनात म्हणत होतो, माल कच्चा निघाला की खापर फोडायला आता यांना माझं डोकं मिळालं.

चौथ्या दिवशी मी माझी पुडी काढली. लिंबूही माझंच होतं. बाई लांब उंबऱ्यात बसून राहिल्या. पाला असलेल्या बांबूंचे शेंडे कापून मी एकेकावर हळद चोळली. सगळे तांबडे झाले, एकही सुटला नाही. मग माझे बारा घेतले. हळद पिवळीच राहिली. मी हातभर खाली साल तासून हळद लावली. पिवळी. आणखी हातभर खाली गेलो, तरी पिवळी. पार निम्म्या उंचीवर आल्यावर कुठे तांबडी रेघ दिसली. पहिल्या दिवसांत ते जेवढे प्यायले होते तेवढेच. मला कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. या बाईनं पहिल्या दिवसापासून एक शब्द खोटा सांगितला नव्हता. सबंध छपरात कच्चे होते ते नेमके मी राखलेले.

तेवढ्यात निरोप धाडून बोलावलेली मेटॅडोर आली. मला डोळ्यांसमोर व्हरांड्यातल्या मुली दिसायला लागल्या. मुख्य वाशांशिवाय छप्पर उभं राहणार नव्हतं, आणि वनखातं बुरुडांना कार्डावर ठरावीकच बांबू देतं, त्यामुळे असे जाड बांबू बाईंना या वर्षी पुन्हा मिळणार नव्हते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि आवाज खाली आणला.

"बाई, एकेका वाशाला दोन-दोन जोडून घेऊ, म्हणजे भार झेपेल. घेऊन जाऊ द्या. वरून काही कळत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चार दिवस मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहत होतो, तीच ती नजर होती.

"वरून त मानूसबी चांगलाच दिसते," त्या म्हणाल्या.

रहीमभाई उगाचच टायर बघायला लागले.

मग बाईंनीच तोड काढली. जुनी रीत होती. बारा बांबू नाल्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली महिनाभर दाबून ठेवायचे, म्हणजे गोड सत्त्व धुऊन जातं. मग सावलीत वाळवायचे. मी पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाण्यात उतरलो आणि दगड वाहिले. पाणी इतकं थंड होतं की पावलं बधिर झाली. काठावरून बाई सांगत होत्या, कुठला दगड कुठे ठेवायचा.

"काहाडतानी लय वास येईन. सडले म्हनून फेकू नोका मंग," त्या म्हणाल्या.

बाकीचे बांबू घेऊन आम्ही निघालो. परतीच्या रस्त्यात मी रहीमभाईंना काहीच तपासायला लावलं नाही, आणि त्यांनीही मला छेडलं नाही.

चिमूरला गाडी थांबली तशा मुली धावत आल्या. मागून वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई आल्या. त्यांनी माल नजरेनं मोजला.

"मोठे वासे कुठे आहेत?"

"महिन्यानं येतील."

"फसवलंच ना शेवटी? या लोकांचं असंच असतं."

उत्तर मला आयतं मिळालं होतं. नुसतं गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. माझ्यासारख्या संशयी माणसाला फसवलं म्हटल्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. आणि मी गप्प राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मुली गाडीवरून दोरखंड सोडायला लागल्या होत्या, एवढा वेळ नक्की.

मग म्हणालो, "त्यांनी नाही. पाला मी छाटला. बांबू माझ्यामुळे कच्चे राहिले."

मुली आणखी दीड महिना व्हरांड्यात झोपल्या, आणि त्यातल्या दोघी खोकल्यानं आजारी पडल्या. छप्पर झालं. ते आजही उभं आहे आणि त्यातून भुसा गळत नाही. पण त्या दिवसापासून मी आणलेल्या प्रत्येक वस्तूवर, मग ती विटांची गाडी असो की खिळ्यांची पुडी, अधीक्षिकाबाई एकदा माझ्यादेखत हात फिरवून बघतात. मी बाजूला उभा राहतो आणि त्यांना बघू देतो.