पुढं गेलेली गाडी परत आली

वीरप्पा धार लावायचा. विळ्या, खुरपी, कोयते, अडकित्ते आणि शाळेतल्या बाईंची कात्री. सायकल हेच त्याचं दुकान. पुढच्या दांडीवर दगडाचं गोल चाक बसवलेलं, मागच्या चाकावरून त्याला पट्टा. पाराजवळ आला की सायकल स्टँडवर चढवायची, सीटवर बसायचं आणि पायडल मारायचे. ठिणग्या उडायच्या, पोरं गोळा व्हायची.

"तीस वर्सं झाली सायकल चालवतोय, अक्का," तो मला म्हणायचा, "पण निम्मी तर जाग्यावरच चालवली."

बेंबळीच्या वाटेवर त्याची वस्ती. बोलण्यात कानडी हेल. त्याची एक सवय सगळ्या रस्त्याला ठाऊक होती. मागून कुणी हॉर्न दिला की वळून बघायचा नाही, नुसता उजवा हात वर करायचा आणि म्हणायचा, "शरणार्थी." आपला रामराम तसा लिंगायतांचा शरणार्थी.

मी एकदा म्हटलं, "अहो, हॉर्न बाजूला व्हा म्हणून असतो."

"आत माणूस हाय न्हवं? त्यानं हाक दिली, आपण ओ द्यावी."

ह्या रस्त्यानं दिवसाला दोन एसट्या आणि पाटलांची एक जीप जायची, तेव्हापासूनची ती सवय. तेव्हा ड्रायव्हरही हात करायचे. मग रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला. गाड्या वाढल्या, हात करणारं कुणी राहिलं नाही. सायकलवाल्यानं कडेच्या पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेरून जायचं, आणि पट्ट्याच्या बाहेर नुसती खडी. एकदा उसाच्या ट्रॅक्टरनं त्याला खडीवर लोळवलं. एकदा टेम्पोच्या लोंबत्या दोरानं त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून नेला. "टॉवेल गेला, मान ऱ्हायली," म्हणून हसला होता. तिसऱ्या वेळी काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण करणारा माझ्या घरातला आहे.

रणधीर माझा नातू, माझ्या लेकाचा, अंबादासचा, थोरला. आठवीपासून लातूरला राहिला, मग पुण्यात नोकरी. वेळाअमावस्येच्या तीन आठवडे आधी नवी गाडी घेऊन आला. काळ्या काचांची. त्याच संध्याकाळी जेवताना बहिणीला, आरोहीला, सांगत होता.

"एक सायकलवाला चाललेला, थंडीचा तोंडाला टॉवेल गुंडाळून. हॉर्न दिला तर बघायचं सोडून हात दाखवतो. म्हणजे थांब म्हणतोय मला. पुढं गेलो, आणि म्हटलं, ह्याला सोडायचा न्हाई. वळवली गाडी, आलो समोरून अंगावर. गेला रस्त्याकडेच्या चारीत सायकलीसकट."

"लागलं का त्याला?"

"कुठलं. चार काटे टोचले असतील. दांडीवर कसलंसं चाक बांधलं होतं येड्यानं."

माझा घास हातातच राहिला. तसलं चाक आमच्या रस्त्यावर एकच.

दुसऱ्या दिवशी कळलं. वीरप्पाचं खुब्याचं हाड मोडलं होतं. धाराशिवच्या दवाखान्यात नेऊन आत रॉड घातला. शुद्धीवर आल्यापासून तो एकच सांगत होता, की गाडी पुढं गेली, वळली आणि परत आली. जमादार लिहून घ्यायला आला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं.

"बाबा, पुढं गेलेली गाडी परत कशाला येईल? तुझं कुणाशी भांडण होतं का?"

"न्हाई, साहेब. कुणाशीच न्हाई."

"मग भोवळ आली असंल तुला."

आणि तसंच लिहिलं. गावाला तर तेच पटलं. परत येऊन अंगावर घालायला माणसाला काहीतरी कारण लागतं ना, आणि वीरप्पाचा वैरी कोण असणार? लोक त्याला बघायला जायचे, मान डोलवायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, डोक्याला मार बसलाय. त्याची बायको गिरिजाबाई मला बाजारात भेटली. म्हणाली, "अक्का, हाड जुळंल म्हणत्यात डॉक्टर. पण ह्यांचं जेवणात ध्यान न्हाई. मला खोटं पाडलं म्हणत्यात. आता ते मलासुदिक विचारत्यात, गिरजे, खरंच आली होती का गं परत?"

मी तिच्या पिशवीत चार वांगी टाकली आणि घरी आले. एवढंच केलं. तीन आठवडे गप्प बसले. देवापुढं दिवा लावायची, पण वात नीट करायचं निमित्त काढून खाली बघायची. घरचं लेकरू असलं की आपली जीभ किती जड होते, ते मला ह्या वयात कळलं.

वेळाअमावस्येला आमच्याकडं गावात माणूस राहत नाही. सगळे रानात. कडब्याची कोपी करायची, पाच पांडव मांडून पूजा करायची, आणि भज्जी, उंडे, आंबील असं पोट फुटेस्तोवर जेवायचं. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं. ओळख असो नसो, उपाशी जाऊ द्यायचं नाही. वीरप्पा तीस वर्षं त्या दिवशी आमच्या कोपीपाशी जेवलेला. मी वाढायला बसले आणि एक पत्रावळ जास्त मांडली. आधी सवयीनं मांडली, मग मुद्दाम तशीच ठेवली.

"आज्जी, ही कुणाची?" सणाला पुन्हा आलेल्या रणधीरनं विचारलं.

"तू चारीत घातलास त्याची."

मग अंबादास खालच्या आवाजात म्हणाला, "आई, आज नको." तेव्हा मला कळलं की त्यालाही ठाऊक होतं. म्हणजे आम्ही दोघंही शेजारी बसून तीन आठवडे भाकरी मोडत होतो.

मी रणधीरला म्हटलं, "तुझ्या भोवऱ्याची आर कोण घासून द्यायचं?"

"वीरप्पा." आणि मग त्याचा चेहरा उतरला. "आज्जी, मला नव्हतं ठाऊक. मला वाटलं, कुणीतरी सायकलवाला."

"कुणीतरी असता तर चाललं असतं का?"

डबा भरला आणि त्याच गाडीत बसले. वाटेत दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला पुढं होता. रणधीरचा हात हॉर्नवर गेला, तिथून परत आला. सायकलवाला फाट्याला वळेपर्यंत आम्ही त्याच्या मागं मागं गेलो. एवढ्या मोठ्या गाडीला तेवढं हळू जाता येतं, हे मला त्या दिवशी दिसलं.

वीरप्पा बाजेवर होता. आम्हाला बघून उठायला गेला. सायकल भिंतीला टेकवलेली, पुढचं चाक पापडासारखं वाकलेलं. दगड तेवढा शाबूत.

"अक्का, तुमी कशाला आलात? आज रान सोडून." मग रणधीरकडं बघून म्हणाला, "हा भोवरेवाला न्हवं? केवढा झाला. बस रे. तू शिकलेला हाईस, तूच सांग. पुढं गेलेली गाडी परत येती का? मी बघितलीया. पण समदे म्हणत्यात, न्हाई."

पोरानं बोलावं म्हणून मी थांबले. गिरिजाबाई ताट घेऊन आली, डब्याचं झाकण काढलं, तरी तो जमिनीकडंच बघत होता. मग मीच म्हटलं, "येते, वीरप्पा. आली होती. हाच होता आत."

गिरिजाबाईनं झाकण परत लावलं. "वेळाअमावस्येचं अन्न माघारी देत न्हाईत," ती म्हणाली. "पण मला हे वाढायला हात उचलना, अक्का."

वीरप्पा रणधीरकडं बघत राहिला. रागानं नाही. आठवत असल्यासारखा.

"का रं?"

"तुम्ही हात दाखवलात," रणधीर म्हणाला. त्याचा आवाज लहानपणचा झाला होता. "मला वाटलं, मला अडवताय."

"शरणार्थी केला की रे. तू हाक दिलीस म्हणून."

रणधीर रडला, पण त्याच्या रडण्यानं काही जुळणार नव्हतं, ते त्यालाही समजत होतं. वीरप्पानं त्याला जवळ घेतलं नाही, का हाकललं नाही. म्हणाला, "दवाखान्याचं बघू, पायाचं बघू. तू पहिलं एक कर. जमादाराला सांग, की म्हातारा बरूबर सांगत होता. तेवढं लिवून घे म्हणावं."

मग म्हणाला, "गिरजे, वाढ आता. मला भूक लागलीया."

तिनं वाढलं. त्याला एकट्याला.

त्या रात्री अंबादास माझ्याशी भांडला. पोराची नोकरी जाईल, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील, गाव तोंडावर हसेल. मी म्हटलं, "गाव वीरप्पाला हसलंच की तीन आठवडे. आता आपली पाळी." सकाळी रणधीर न सांगता तयार होऊन बसला होता. ठाण्यात त्यानं स्वतः सांगितलं. मीही काय ऐकलं ते सांगितलं आणि खाली सही केली. तिसरीपर्यंत शिकलेली माझी सही, ती करायला एवढा वेळ लागला की जमादार दोनदा म्हणाला, "आजी, अंगठा चालतोय." म्हटलं, "चालतोय, पण आज सही करू द्या."

केस सुरू आहे. रणधीर तारखेला एसटीनं येतो.

पाडवा झाल्यावर वीरप्पा आला. सायकल नीट झाली होती, पण त्यावर बसून नव्हता. हातानं ढकलत, लंगडत, पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेरून खडीवरून आला. मोडला पाय पायडलवर चालत नाही. स्टँडवर चढवून एकाच पायानं चाक फिरवायला शिकलाय. चाक हळू फिरतं, धारेला दुप्पट वेळ लागतो. मी विळी घेऊन जवळ बसले.

"आता तर समदी वर्सं जाग्यावरच, अक्का," तो म्हणाला.

तेवढ्यात रस्त्यावरून एक गाडी हॉर्न देत गेली. वीरप्पाचा उजवा हात विळीवरून उचलला गेला, खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. मग त्यानं तो खाली घेतला आणि विळी पुन्हा दगडाला लावली.

गाडी लांब जाईपर्यंत त्यानं पायडल मारला नाही. ती परत येते का, ते ऐकत होता.