आधी वन्सं, मग पाळणा

निरवांगीहून फोन आला तेव्हा मी मुलीचं दप्तर भरत होते. "मामी, आई गेली. सकाळी उठलीच न्हाय," भाचा एवढंच म्हणाला. सुभद्रावन्सं, माझी मोठी नणंद. मी यांना कामावर निरोप धाडला, मुलीचे दोन फ्रॉक पिशवीत घातले, गॅस बंद आहे ना ते पाहिलं आणि मग खाली बसले... तेव्हा कुठे रडू आलं.

आमची मुलगी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. मूठभर जीव. बारामतीच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, बिछाना सपाट आणि घट्ट हवा, बाळाला पाठीवर निजवा, पाळण्यात उशी-गोधडी काही नको. मी घरी आल्याबरोबर यादी करून कपाटाला चिकटवली; शेवटी लिहिलं, दर शनिवारी पाळण्याची कडी तपासणे. वन्सं भाजीचं रान सुनेवर सोपवून मदतीला आल्या होत्या. त्यांनी यादी सावकाश वाचली. "चांगली हाय वैनी. पण कडी तुमी शनवारी बघणार, आन् पोरगी तर रोज निजणार." बाळाला बघायला येणाऱ्या बायका मोहरीची उशी आणायच्या. वन्सं ती पाहुणीदेखतच माझ्या सासूबाईंच्या डोक्याखाली सरकवायच्या. "आईला बी झोप लागत न्हाय हो. चांगली आणलीसा."

आमच्या पत्र्याच्या खोलीत लाकडी तुळई होती. तिच्यात कडी ठोकून पाळणा टांगलेला. रोज सकाळी सासूबाई बाळाला न्हाणीत पायांवर घेऊन बसल्या की वन्सं पाळणा सोडवायच्या, बिछाना उन्हात टाकायच्या, लाकडाची कुसळं लागतात का ते आतून हात फिरवून बघायच्या. मग कडीची दोरी दोन्ही मुठींत धरून, नऊवारीचा काष्टा सावरत, पाय उचलायच्या. झोका घ्यायच्या म्हणा ना. न्हाणीतून सासूबाई ओरडायच्या, "आगं, रिकामा पाळणा हलवू नये." "रिकामा कुठं हाय? मी हाय की." मला हसू यायचं. चांगली भरल्या अंगाची, सून आलेली बाई ती.

एका सकाळी त्यांनी पाय उचलले आणि कडी तुळईच्या ढलप्यासकट निखळून खाली आली. वरून रंग दिलेलं लाकूड आतून वाळवीनं पोखरलं होतं, हे घरमालकालाही ठाऊक नव्हतं. वन्सं उंबरठ्यावर पडल्या, डावा हात अंगाखाली. त्यांनी आधी विचारलं, "पोरगी कुठंय?" "न्हाणीत. आईंच्या पायांवर." "मग झालं," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

हात मनगटात मोडला होता. प्लास्टर घालून घरी आल्यावर त्यांनी यांना लोखंडी स्टँडचा पाळणा आणायला लावला आणि पुढे रोज उजव्या हातानं त्याचे नट पिळून बघितले. रिकाम्या पाळण्यावरून सासूबाई त्यांना पुन्हा काही बोलल्या नाहीत. मुलगी बसायला लागली तशा वन्सं गावी परतल्या. त्यानंतर जेव्हा भेटायच्या तेव्हा मी हाताचं विचारायची आणि त्या मूठ वळून दाखवायच्या. "बघा की. कवाच बरा झाला." भेट व्हायची ती लग्नकार्यात किंवा आमच्याकडे. त्यांच्या चुलीपाशी बसायचा योग काही आला नाही...

दहावा झाल्यावर निरवांगीच्या स्वयंपाकघरात मी भाकरी करायला बसले. पीठ मळायची लाकडी काटवट भिंतीपाशी होती आणि तिच्यामागे एक वीट मातीनं पक्की लिंपलेली. जागा अडते म्हणून मी ती हलवू लागले.

"राहू द्या मामी," वन्संची सून म्हणाली. "आत्याबाईंना डाव्या हातानं काटवट दाबून धरता येत नव्हती. वीट लावली की काटवट सरकत न्हाय. बारामतीस्नं आल्यापासनं हाय ती."

मी विटेवरचा हात काढला.

"तुमाला सांगायचं न्हाय म्हणल्या होत्या," ती म्हणाली आणि पीठ घ्यायला उठली.

मी काटवट विटेला टेकवली आणि एका हातानं भाकरी थापून बघितली. ती कडेला फाटली. दुसरीही फाटली. तिसरी जमली.