कॅमेरा चालू ठेवणारा म्हातारा

बुलढाण्याच्या कॉलेजात मी ऑनलाइन अर्थशास्त्र शिकवायचो, तेव्हा पडद्यावर नुसते काळे चौकोन दिसत. कॅमेरा एकाच चौकोनात चालू असे. दुसरबीड गावच्या एका विद्यार्थिनीच्या नावाखाली तिचे आजोबा बसत. आधी तंबाखू मळत, माझ्या वाक्यावाक्याला मान हलवत आणि मग बिनदिक्कत घोरत.

एकदा मी विचारलंच, "बाबा, नात कुठंय?"

"वावरात. बोंडअळीनं बीटी कपाशी खाल्ली, उरलासुरला कापूस वेचून राह्यली. तिची हजेरी लावा, सर."

"अहो, पण तुम्ही तर झोपता."

"मंग? ते बसली असती तं जागी राह्यली असती काय?"

मी हजेरी लावली. निदान हा माणूस झोपताना तोंड तरी दाखवत होता.