एका घराची अक्षरं

बाबांचा कॉम्प्युटर सुरू करायचा आणि मग चहा ठेवायचा, असा आमच्या घरचा क्रम होता. चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत पडद्यावर कसंबसं काहीतरी उमटायचं. खरी परीक्षा त्याच्या पुढे असायची. बाबा ज्या प्रोग्रॅममध्ये लग्नकार्याच्या पत्रिका करायचे, तो उघडायला इतका वेळ घ्यायचा की समोर बसलेला माणूस आपल्या घरची सगळी हकिकत सांगून मोकळा व्हायचा. "पानी प्या, तवर उघडतंय," बाबा म्हणायचे. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की ते म्हणणारं आता कुणी नाही, हे मला अजूनही अधूनमधून नव्यानं कळतं.

बाबा उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. तिथल्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी एक जुना मागून घेतला आणि टेम्पोत मांडीवर धरून घरी आणला. आई म्हणाली, "ह्यो कशाला आनला? हितं मानसं झोपायला जागा न्हाई." पुढे त्याच आईनं त्याला झालरीचं कव्हर शिवलं आणि बाहेरच्या खोलीत कुणी पाय आपटत चाललं तरी ती ओरडायची, मशीन हलेल म्हणून.

वस्तीत कुणाकडे कार्य निघालं, की घरातला माणूस कोरे कागद घेऊन आमच्याकडे यायचा. नामकरण, मंगल परिणय, गृहप्रवेश, विहारातल्या कार्यक्रमाचं पत्रक, आणि कुणी गेलं तर पुण्यानुमोदनाचं कार्ड. हळूहळू गावातले गिरणीवाले आले, टेम्पोवाले आले, अंगणवाडीच्या बाई आल्या. भुकूमला फ्लॅट घेऊन गेलेली माणसंसुद्धा पत्रिकेसाठी उलटी इकडे यायला लागली. बाबा प्रत्येकाला समोरच्या लोखंडी खुर्चीवर बसवायचे.

त्यांचा हट्ट एकच होता. एका घराची अक्षरं दुसऱ्या घराला द्यायची नाहीत. त्यांच्या लहानपणी म्हणे प्रेसमधून येणारी प्रत्येक पत्रिका सारखीच दिसायची, फक्त नावं बदललेली. ते त्यांना तेव्हापासून खटकत होतं. म्हणून नवं घर दारात आलं की बाबा पुण्यातल्या एका डीटीपीवाल्याकडून नवा फॉन्ट घेऊन यायचे, आधी सीडीवर, मग पेन ड्राइव्हवर. गिरणीवाल्यांची अक्षरं जाडजूड. टेम्पोवाल्यांची पुढे झुकलेली. अंगणवाडीच्या बाईंची गोल, पाटीवर गिरवल्यासारखी. एकदा ठरली की ठरली. त्या घरात मूल होवो, लग्न होवो, की मयत होवो, कार्ड त्याच अक्षरांत. आई चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर जोडत वाचते. पण कार्ड उंबऱ्यातून आत आलं की ती न वाचताच सांगायची, "गिरनीवाल्यांकडं काय तरी हाय."

आमच्या घरासाठीही त्यांनी अक्षरं राखून ठेवली होती. मी कॉलेजात असताना एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी ती उघडून दाखवली. बारीक, सरळ, आणि वेलांटीला जरासा बाक. "तुज्या लग्नाला काढायची," ते म्हणाले. "आपलं पयलं कार्य तेच."

मग माझं लग्न काही ठरेना. आधी शिक्षण, मग नोकरी, मग सूसला घेतलेलं घर, मग माझा स्वभाव. लग्नाचा विषय निघाला की मला नेमकं ऑफिसचं काम आठवतं. सूसच्या घराच्या गृहप्रवेशालासुद्धा बाबांनी पत्रिका काढली नाही, सगळ्यांना फोन करून बोलावलं. मी कारण विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. अक्षरं तशीच राहिली.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्या गडबडीत कुणीतरी मोबाइलवर पुण्यानुमोदनाचं कार्ड करून सगळ्यांना पाठवलं. कडेनं मेणबत्त्या, मध्ये कमळ, आणि अक्षरं कुणाचीही. आईला ते फार लागलं. "सगळ्या गावाला ह्यांनी कार्डं दिली, आनि ह्यांचं असलं?" वर्षाच्या स्मृतिदिनाचं कार्ड ह्यांच्याच मशीनवर करायचं, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मलाही ते पटलं. बाबांचं कार्ड आमच्या राखलेल्या अक्षरांतच व्हायला हवं, असं मला मनापासून वाटत होतं. इतकी जपलेली वस्तू त्यांच्याच वाट्याला न यावी, हे मला सोसवत नव्हतं.

मी फोनवर तसं म्हणाले, तर आई ताडकन म्हणाली, "कुटली बी घे, ती सोडून. लग्नाची अक्षरं आदी मरनाला लावायची न्हाईत." आणि फोन ठेवून दिला.

शनिवारी सकाळी सूसहून स्कूटीवर निघाले आणि लवळ्यावरून घरी पोचले. प्रोग्रॅम लवकर उघडावेत यासाठीच ऑफिसात मला पगार मिळतो. कुणाला दोन क्षण जास्त थांबावं लागलं की आमच्याकडे मीटिंग बसते. तेव्हा बापाचा हा कॉम्प्युटरचा डबा आज सरळ करूनच टाकू, अशा तोऱ्यात मी आले होते. अक्षरांचा विषय आईनं काढला नाही, मीही काढला नाही.

आधी डबा उघडून अंगणात नेला आणि धूळ झटकली. आईनं तिचा जुना ब्रश दिला. एका मित्राकडून जास्तीची मेमरी मागून आणली होती ती बसवली. सुरू होताना आपोआप मागे लागणारे नाही नाही ते प्रोग्रॅम बंद केले, डिस्कवरचा कचरा काढला. मशीन पुन्हा चालू केलं तर चहाला आधणही आलं नव्हतं आणि पडदा तयार. आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "बिघडलं का काय?"

पण पत्रिकांचा प्रोग्रॅम हलेना. बाकी सगळं सुतासारखं सरळ आणि हा आपला होता तिथंच. मी पडद्याकडे डोळे लावून बसले. प्रोग्रॅमच्या चित्राखाली एक बारीक ओळ सारखी बदलत होती. आजवर तिच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. एकामागून एक फॉन्टची नावं सरकत होती. उघडण्याआधी तो प्रत्येक फॉन्ट वाचून घेत होता, आणि मशीनमध्ये ते शेकड्यांनी होते. असा प्रकार मी कुठल्याच मशीनवर पाहिलेला नव्हता. पाहणार कुठून? घराघराला वेगळी अक्षरं देणारा माणूस दुसरा होता कुठे?

रोग सापडला तर औषध सोपं होतं. मी चार-पाच फॉन्ट ठेवले आणि बाकीचे सगळे उचलून एका बाजूच्या फोल्डरमध्ये टाकले. प्रोग्रॅमवर टिचकी मारली. डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला.

"आई, बघ!" मी ओरडले. खरं सांगते, मला बाबांना हाक मारायची होती. ते हात पुसत आले असते, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले असते, "आरं तिच्या!" तीच हाक मी आईच्या नावानं मारली.

आई आली, लोखंडी खुर्चीवर टेकली. "लवकर उघडलं," म्हणाली, पण तिच्या आवाजात काही आनंद जाणवेना. मग म्हणाली, "गिरनीवाल्यांची दाव बरं. कशी केली व्हती बघू."

मी फाइल उघडली. पडद्यावर नुसती चिन्हं आली. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, आकडे, सगळ्याची खिचडी. अंगणवाडीच्या बाईंची उघडली, तीही तशीच. टेम्पोवाल्यांची तशीच. हे जुने फॉन्ट असेच असतात, फॉन्ट काढला की मजकुराचं मराठीपणच जातं. हे मला माहीत होतं, तरी मी एकामागून एक फाइल उघडत गेले. कुणाचं मूल, कुणाचं लग्न, कुणाचं मरण, काहीच ओळखू येत नव्हतं.

आई पडद्याजवळ वाकली. "ही कुनाची?"

"गिरणीवाल्यांचीच."

"ही न्हाईत त्यांची." तिचा चेहरा उतरला. "पुसलीस व्हय सगळी? एवढी वर्षं ह्यांनी येकेक गोळा केली."

"पुसली नाहीत गं, बाजूला ठेवलीत. लागतील तेव्हा तेवढी आणायची."

"पर उद्या गिरनीवाला आला तर त्याला काय सांगू? तुजं घर बाजूला ठिवलंय?"

ऑफिसात असलं काही कुणी विचारत नाही. मी उचललेले सगळे फॉन्ट पुन्हा होते तिथे ठेवले. मशीनचा बाकीचा वेग राहिला, पण प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यासारखा झाला. टिचकी मारली, चित्र आलं, आणि खालची ओळ सावकाश सरकायला लागली.

आई खुर्चीवरून हलली नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पानी पी, तवर उघडतंय."

मग ती खरंच उठली, माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली, प्याली, मलाही दिलं. खोलीत नुसती पंख्याची आणि मशीनची घरघर. मला बाबांची इतकी आठवण आली की पडद्यावरची नावं दिसेनाशी झाली. ते असते तर एवढ्या वेळात त्यांनी मला विचारलं असतं, जेवतेस का वेळेवर, ऑफिसात कुणी बोलतं का नीट. मला ते तेव्हा कंटाळवाणं वाटायचं. आता सूसच्या घरी लॅपटॉप मी बसायच्या आधी तयार असतो आणि मला कुणी काही विचारत नाही.

"येक सांग," आई म्हणाली. "तुज्या लग्नाची पत्रिका निघाली, तर त्यात ह्यांचं नाव येनार का न्हाई?"

"येणार की. बापाचं नाव येणारच."

"कसं लिवायचं?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला ठाऊक होतं, तरी तिला ते माझ्याकडून ऐकायचं होतं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी एक शब्द लावतात. वस्तीतल्या कितीतरी पत्रिकांत बाबांनी तो स्वतःच्या हातानं टाइप केला होता.

"कालकथित लावून," मी म्हणाले.

"म्हंजी लग्नाच्या पत्रिकेत बी त्या अक्षरांत ते लिवावं लागनारच."

"हो."

ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. नावं सरकत होती, गिरणीवाले गेले असतील, टेम्पोवाले गेले असतील, कुणास ठाऊक. प्रोग्रॅम उघडला. कोरं पान समोर आलं आणि तरी मी कीबोर्डला हात लावला नाही.

"मंग आत्ताच लिव," आई म्हणाली. "आपलीच काढ."

यादीत खूप खाली जावं लागलं. सापडली. मी पहिला शब्द टाइप केला, आणि थ वरच्या वेलांटीला तोच जरासा बाक आला. कितीतरी वर्षांनी मी तो बघत होते. त्याच्यापुढे बाबांचं नाव लिहिलं. आईनं पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत, ओठ हलवत, ती ओळ शेवटपर्यंत वाचली. डोळे पुसले, पुन्हा वाचली.

"लगीन कर न्हाई तर नको करू," ती म्हणाली. "पर ही अक्षरं आता बदलायची न्हाईत."